आलेखाच्या कागदावरचा कडुलिंब

आमच्या गच्चीवर एक लोखंडी पाइप उभा आहे. तीन इंच जाडीचा, माझ्या खांद्याएवढा, बुडाशी सिमेंटच्या ठोकळ्यात बसवलेला. त्याच्यावरची डिश जाऊन तीन-चार वर्षं झाली. भंगारवाल्याने जाळी नेली, चौकट नेली, पाइप मात्र त्याला उपटता आला नाही. आता त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. दुपारी शाळेतून आले की मी ओले कपडे घेऊन वर जाते. पाइपच्या वरच्या टोकाला बोल्ट आवळल्याचे चार ओरखडे आहेत. त्यांत आता गंज धरला आहे.

त्या चार बोल्टांविषयी मी माझ्या सासऱ्यांशी खोटं बोलले. त्याच्या आधीही एकदा बोलले होते. गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं, माणसं जेवून गेली, घर मोकळं झालं. वर्ष सरलं की हे जरा बोथट होईल असं मला वाटत होतं. झालं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायला वेळ लागतो. एक वाक्य लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. इथे ते सांभाळून करायला हवं, कारण खोडताखोडता माणूस स्वतःला थोडं बरं करून घेतो.

सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणत. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार बाहेरच्या खोलीत शोकेसवर टांगलेली आहे आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं. नानांच्या वाट्याला मात्र तलवार कधी आली नाही. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तरुणपणी गणपतीत नाटकं व्हायची, त्यांत त्यांना दरवर्षी भालदाराचं काम मिळायचं. "शिपाईगड्याचं घराणं, म्हणून भाला माझ्याच हातात," असं ते सांगायचे. वाक्य एकच असायचं: "महाराज, दूत आला आहे." हे वाक्य ते म्हातारपणीही वापरत. दूधवाला आला, पोस्टमन आला, माझी नणंद माहेरपणाला आली, की ओट्यावरून हाळी यायची, "महाराज, दूत आला आहे!"

माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या आधीच सासूबाई गेल्या होत्या. पुढे नानांचे गुडघे गेले, मग कान जायला लागले. सकाळी बागेत बाकावर बसणाऱ्या त्यांच्या मराठी मंडळींतले एकेक कमी होत गेले. बडोद्यात वाढलेली माझी मुलगी मराठी शाळेत असूनही मैत्रिणींशी गुजराती बोलायची आणि नानांशी बोलताना "नाना, तुम्ही जमी लिधं का?" असं काहीतरी मिसळून बोलायची. नाना हसायचे. म्हणायचे, "लिधं बाई, जेवून लिधं." माझे यजमान वाघोडियाला एका कारखान्यात होते, सकाळी सातला बाहेर आणि रात्री आठला घरात. धड, सबंध मराठीत नानांशी बोलू शकेल असं दिवसभर घरात असणारं माणूस म्हणजे मी. आणि मी वाचत बसायची.

एक दिवस नाना बागेतून आले ते बातमी घेऊन. मुंबईचा मराठी कार्यक्रम आता उपग्रहावरून येतो. मराठी बातम्या, मराठी नाटकं, दिवसभर. बाकावरच्या एकाच्या मुलाकडे दिसतो म्हणे. आमचा केबलवाला तो देत नव्हता, विचारलं तर म्हणाला, "भाऊ, निजामपुऱ्यात तो कोण बघणार? तुम्ही एकला." नाना त्यानंतर पुष्कळ दिवस तोच विषय काढत. "एकदा मराठी बातम्या ऐकायच्या आहेत. म्हणजे मी गेल्यावर तिकडे वर विचारलं, काय रे, खाली काय चाललंय, तर सांगता आलं पाहिजे."

त्याच हिवाळ्यात यजमानांना कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची जुनी डिश मिळाली. आठ फुटांची, जाळीची. फक्त थाळी होती; तिला उभी धरणारा स्टँड नव्हता. उत्तरायण होऊ दे, नाहीतर सगळ्या गावाचे पतंग तिच्यात अडकतील, असं ठरलं, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी गोरव्याहून एक फिटर आला. तो अशा डिशचे स्टँड स्वतःच्या शेडमध्ये बनवायचा. मध्यम वयाचा गुजराती माणूस, कानावर पेन्सिल. आमच्या ओट्यावर त्याने टेम्पोतून उतरवलेले दोन स्टँड ठेवले.

"बेन, आ फिक्स," तो एकावर हात ठेवून म्हणाला. "एक वार बेसाड्युं एटले बेसाड्युं." त्याच्यावर डिश एका उपग्रहाकडे तोंड करून बसते आणि तशीच राहते. दुसऱ्याला तो पोलर म्हणाला. त्याला मोटर लागते, मोटरीचा एक दांडा डिशला ढकलतो, ओढतो, आणि रिमोटवर बोट ठेवलं की डिश एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जाते.

"पण उपग्रह तर काही वर, काही खाली," मी म्हटलं. "एका मोटरीने कसं जमेल? दोन लागतील."

तो खूश झाला. खिशातून त्याने दरवाज्याची एक बिजागरी काढली. असं विचारणारे त्याला रोज भेटत असावेत. बिजागरी सरळ उभी धरून त्याने तिचं पान फिरवलं. पान दरवाज्यासारखं आडवं फिरलं. मग त्याने बिजागरीच तिरपी केली, तिची खीळ उत्तरेकडे वर जाईल अशी, आणि पान पुन्हा फिरवलं. आता ते पूर्वेकडे खाली, मध्ये वर, पश्चिमेकडे पुन्हा खाली, असं कमानीत गेलं. उपग्रहांची रांग आकाशात अशीच कमानीत असते. खीळ ध्रुवाकडे लावली की बाकीचं सगळं आपोआप.

मी शाळेत गणित आणि भूगोल शिकवते. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. तो अक्षांश एखाद्या लोखंडी बिजागरीत बसतो, बडोद्यासाठी बावीस अंशांच्या किंचित वर, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते मला फार आवडलं. हे मुद्दाम लिहिते आहे. मला पोलर कळला नाही किंवा पटला नाही, अशी सबब माझ्याकडे नाही.

नाना खुर्चीत बसून दोन्ही स्टँडकडे बघत होते. "सूनबाई, हे जे फिरतं, ते माझं मराठी दाखवेल?"

"दाखवेल, नाना."

"आणि हे बसलेलं?"

"ते एकाच जागी बघतं. हिंदी आणि क्रिकेट."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखं," नाना म्हणाले.

यजमान आतून ओरडले, "मला मॅच दिसली की झालं! बाकी तुम्ही गणितवाले ठरवा."

मग मी फिटरबरोबर गच्चीवर गेले. नानांना जिना चढता येत नव्हता. गच्ची त्यांनी तोवर चार-पाच वर्षं पाहिली नव्हती. आमच्या मागच्या अंगाला, भिंतीपलीकडे, शेजारच्या बांचं, म्हणजे एका गुजराती आजींचं, घर आहे. बा एकट्याच राहतात. त्यांच्या अंगणात तेव्हा कडुलिंब होता. मराठी उपग्रह नेमका त्या दिशेला येत होता, म्हणून मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधला, आणि झाडाच्या शेंड्याची उंची मोजली. छत्तीस अंश. उपग्रह पंचावन्न अंशांवर. झाड खूप खाली राहत होतं. फिटरनेही डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मान हलवली. काहीच अडचण नव्हती.

जिना उतरताना आवाज ऐकू आला. नानांनी टीव्ही लावला होता. शेतीविषयक काहीतरी चाललं होतं, गुजरातीत, एरंड्यावरच्या किडीबद्दल. नानांना ऐकू येईल इतका आवाज म्हणजे समोरच्या सोसायटीलाही ऐकू येईल इतका आवाज. एरवी ते टीव्ही क्वचित लावायचे. हिंदी मालिकांत त्यांना गोडी नव्हती. माझी शाळा सकाळची. साडेबाराला मी घरी यायची, नानांना वाढायची, आणि मग एक ते पाच हे घर शांत असायचं. मुलगी शाळेत, यजमान वाघोडियाला, नाना दिवाणावर पडलेले किंवा नुसते बसलेले. खिडकीजवळ माझी खुर्ची आणि लायब्ररीचं पुस्तक. सबंध आयुष्यात मला स्वतःचं म्हणून तेवढंच मिळालं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. घरात दुसरी बसायची खोली नव्हती.

त्या जिन्यावर, खालून सातव्या की आठव्या पायरीवर, मला दिसलं की पोलर बसला की माझी दुपार गेली. मराठी बातम्या, मराठी नाटकं, दिवसभर. या आवाजात. रोज.

खाली आल्यावर फिटर नानांसमोरच मला म्हणाला, "बेन, झाड तो नीचे रही जाय छे. एनो कंई वांधो नथी."

टीव्ही चालूच होता. नानांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतो?"

"म्हणतोय, झाड आड येतं," मी मोठ्याने सांगितलं.

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मराठी तो समजत होता. बडोद्यात कोणाला समजत नाही? मी आवाज खाली आणून, नानांकडे पाठ करून त्याला म्हटलं, "भाई, फिक्स ज बेसाडी दो." कानावरची पेन्सिल काढून त्याने पावतीच्या पुस्तकात लिहिलं आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. मी एका माणसाच्या बहिरेपणाचा फायदा घेते आहे, हे त्याला माझ्या आधी कळलं असावं.

नानांचा चेहरा पडला, पण ते लगेच हार मानणारे नव्हते. आयुष्यभर त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नसे आणि कागदावर आलं की शंका नसे. "किती आड येतं? जरा की बरंच? मला कागदावर दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलेखाचा कागद घेऊन बसले. आधी खरी आकृती काढली. का काढली ते सांगता येत नाही, हाताला सवय. गच्ची ही आडवी रेघ, पाइप ही छोटी उभी रेघ, झाड ही मोठी उभी रेघ, आणि उपग्रहाकडून येणारी तिरपी रेघ झाडाच्या डोक्यावरून सरळ पार. तो कागद मी फाडला. दुसऱ्या कागदावर झाड दुप्पट उंच काढलं. तिरपी रेघ त्याच्या शेंड्यात जाऊन अडली. खऱ्या आकृतीत झाड म्हणजे नुसती एक रेघ होती. खोट्या आकृतीत मी त्याला फांद्या काढल्या, फांद्यांना पानं काढली, कडुलिंबाची असतात तशी, दातेरी. अर्धा तास मी ती पानं काढत होते.

नानांनी चष्मा लावून कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. "हं. इथे अडतंय." मग कागद माझ्याकडे परत दिला. "सही कर. तारीख घाल."

"सही कशाला, नाना?"

"ज्याने माप घेतलं त्याची सही लागते. उद्या कुणी विचारलं तर?"

मी सही केली. त्यांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि दिवाणाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला.

पुढच्या रविवारी फिक्स स्टँड बसला. पाइपवर टोपीसारखा चढवून चार बोल्टांनी आवळला. फिटर जाताना गच्चीवर मला एवढंच म्हणाला की मन बदललं तर सांगा, चार बोल्ट सोडले की हा निघेल आणि याच पाइपवर पोलर बसेल, अर्ध्या तासाचं काम. यजमानांना मॅच दिसली. मुलीला हिंदी गाणी दिसली. नानांनी पहिल्या संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसून पाहिलं आणि "चित्र स्वच्छ आहे," असं म्हणाले. माझी दुपार मला राहिली.

होळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी शाळेतून येत होते तर गल्लीच्या तोंडाशीच करवतीचा आवाज आला. घराजवळ आले तर मागच्या बाजूचं आकाश वेगळंच दिसत होतं, जिथे नेहमी हिरवं असायचं तिथे पांढरं. नाना ओट्यावर काठी टेकून उभे होते. स्वच्छ धोतर, वर कोट, जसा लग्नाला घालायचे तसा. मला बघून त्यांनी काठी भाल्यासारखी सरळ उभी धरली.

"महाराज," ते म्हणाले, "झाड पडलं आहे!"

मी मागच्या पांढऱ्या आकाशाकडे बघत राहिले.

"अगं, बघतेस काय? मागच्या बेनकडे गेलो होतो परवा. पेढे घेऊन. म्हटलं, बेन, एक मागणं आहे. एवढी वर्षं शेजारी आहोत, कधी काही मागितलं नाही. म्हटलं फक्त शेंडा उतरवून द्या. ती बाई बघ कशी, दुसऱ्याच दिवशी माणसं बोलावली. तेच म्हणाले, वर चढलोच आहोत तर आणखी काढतो. आता बुंध्याचं ठूंठ राहिलं आहे नुसतं." धाप लागली तशी ते खुर्चीत बसले. "आता लाव तुझी मोटर. काय ते तिरपं, ध्रुवाकडे बघणारं."

नानांना गुडघ्यांमुळे मागच्या गल्लीला वळसा घालून जायला किती वेळ लागला असेल, याचा मी हिशोब केला. अर्धा तास तरी. पेढे आणायला कोपऱ्यापर्यंत गेले असतील, तो वेगळा.

या ठिकाणी मी खरं सांगू शकले असते. त्याहून सोपं म्हणजे, काहीही न सांगता त्या फिटरला निरोप धाडू शकले असते. चार बोल्ट, अर्धा तास. झाड गेलं, आता लागतं मराठी, इतकं सरळ होतं; पहिलं खोटंही त्यात झाकलं गेलं असतं. पण मला त्या उजेडात एकाएकी वाटलं की मोटर लागली की कुणीतरी गच्चीवर जाईल, ठूंठ बघेल, कागद बघेल आणि म्हणेल, एवढंसं झाड आड कसं आलं? आणि ती दुपारही होती. तीही मला सोडवत नव्हती. दोन्हींतलं कोणतं मोठं होतं हे मला आजही ठरवता येत नाही.

"नाना," मी म्हटलं, "आता नाही होणार ते. तो स्टँड पाइपला वेल्डिंग करून टाकलाय. काढायचा तर पाइप उपटावा लागेल. स्लॅब फुटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं. ते मला रागवायला हवे होते.

"हात्तिच्या," ते म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकून, "माझंच चुकलं. आधी झाडाचं बघायला हवं होतं, मग स्टँडचं. इंडेंटचा कागद न भरता माल मागवला की असंच होतं." काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. "बेनला उगीच त्रास दिला."

तो उन्हाळा कडक होता. बांच्या अंगणात कडुलिंबाखाली एक खाट असायची. दुपारी बा तिच्यावर बसून धान्य निवडायच्या, पापड वाळताना राखण करायच्या. झाड गेल्यावर खाट ओसरीत गेली आणि बा भिंतीच्या सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसायला लागल्या. सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत. मला ते कपडे वाळत घालताना वरून दिसायचं. मी दोरीच्या पलीकडे बघायचं टाळायला लागले.

आणि नाना दुपारी दिवाणावर बसून माझ्याकडे बघत. त्याच उन्हाळ्यात एकदा म्हणाले, "काय वाचतेस गं एवढं?"

"गोष्टींचं आहे."

"मग मोठ्याने वाच की जरा. मलाही कळेल."

"इंग्रजी आहे, नाना," मी म्हटलं.

ते मराठी होतं. मी पान उलटलं. त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. हे तिसरं खोटं सगळ्यांत लहान आहे. त्यासाठी ना झाड पडलं, ना कुणी सही केली. लिहिताना मात्र सगळ्यांत जास्त वेळ मला याच चार ओळींना लागला आहे.

पुढे काही वर्षांनी केबलवर मराठी वाहिन्या आल्या, एक सोडून तीन. डिश निकामी झाली. पण तोवर नानांच्या कानांनी पुरती रजा घेतली होती. यंत्र लावून बघितलं, त्यातून नुसती घरघर ऐकू येते म्हणाले. मी त्यांना रोज दुपारी मराठी बातम्या लावून द्यायची, आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवून. माझी खुर्ची, माझं पुस्तक, सगळं त्या आवाजात. मला वाटायचं, ही माझी शिक्षा आहे आणि ती मी नीट भोगते आहे. एक दिवस नाना शांतपणे म्हणाले, "सूनबाई, टीव्ही बंद कर. तुला वाचायचं असेल. मला तर तोंडं हलताना दिसतात नुसती."

शेवटच्या आजारात मुलगी तिच्या अभ्यासातलं एक गणित घेऊन त्यांच्याजवळ बसली होती. नानांचं मन रमावं म्हणून वही त्यांच्यासमोर धरत होती. त्यांनी वही दूर सारली आणि माझ्याकडे बोट केलं. "आईला विचार. तिचं माप चुकत नाही." त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते मोठ्याने बोलत. शब्द सबंध घरात गेले. मी त्यांच्या पायांजवळ उभी होते. बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. पण कागदावर लिहून दाखवता आलं असतं. कागदावर त्यांचा विश्वास होता. मी औषधाची वेळ झाली असं खुणेने दाखवलं आणि पाणी आणायला आत गेले.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी बांकडे उरलेले घारगे आणि खीर घेऊन गेले. बा भिंतीशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या गुजरातीत बोलतात, मी मराठीत आणि मध्येच गुजरातीत. इतक्या वर्षांत दोघींनाही ते वेगळं जाणवत नाही, म्हणून इथे बहुतेक मराठीतच लिहिते. अंगणात ठूंठ आहे अजून. त्याच्यावर बांनी पाण्याचं मडकं ठेवलं आहे, पाखरांसाठी.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. झाड आड येत नव्हतं. मला ठाऊक होतं. मी खोटी आकृती काढली होती. मला दुपारी घरात आवाज नको होता.

बांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे पातेल्यात टाकले. आणखी एक शेंग घेतली.

"कागळ लाव्या हता भाऊ," त्या म्हणाल्या. कागद आणला होता. हे मला माहीत नव्हतं. नाना तो कागद कोटाच्या खिशात घालून घेऊन गेले होते. बांना वाचता येत नाही. नानांनी त्यांना बोटाने एकेक रेघ दाखवली होती: हे आमचं घर, हे तुमचं झाड, इथे अडतंय. "म्हणाले, माझ्या सुनेने माप घेतलंय. खाली सही बतावी." बांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पानं बहु सरस काढली होतीस. मी म्हटलं, हा आपलाच लिमडो. लगेच ओळखला."

मी हातातले डबे खाली ठेवले.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"नाही, बा."

त्यांनी "ठीक" म्हटलं नाही, "जाऊ दे" म्हटलं नाही. मला वाटतं, त्यांपैकी काहीतरी ऐकायला मी गेले होते. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. त्या उठल्या, खुर्ची भिंतीकडे सरकवली, सावली हातभरच उरली होती. मग ओसरीतून एक पाट आणून त्यांनी त्या हातभर सावलीत, खुर्चीच्या पायाशी टाकला आणि शेंगांची पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली.

"बेस," त्या म्हणाल्या. "भाऊ ते नाटकातलं काय बोलायचे, ते बोल. मराठीत बोल. मला पूरं कधी समजलं नाही."

मी बसले. शेंग हातात घेतली आणि मोठ्याने म्हटलं.